पुंजणेकाका आणि उघड्या पाट्या

पुंजणेकाकांच्या डोक्यावरचा पंखा मे महिन्यातही बंद असायचा. आमच्या गोंदियाकडचा मे ज्यांनी अंगावर काढलाय, त्यांना यातली जिद्द कळेल. बाकीचं ऑफिस कूलरपुढे खुर्च्या सरकवून बसलेलं, आणि कोपऱ्यातल्या लांब टेबलापाशी हा सत्तावन्न वर्षांचा माणूस मानेवर ओला दुपट्टा टाकून, घाम निथळत, टेबलभर कागद मांडून उभा. पंख्याच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावून ठेवली होती. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी दया येऊन ती पट्टी काढायला गेले, तर मान वर न करता म्हणाले, "हात नको लावू बेटा. गाव उडून जातीन."

ऑफिस होतं तालुक्याच्या ठिकाणचं, तापाच्या साथींवर नजर ठेवणारं. तालुक्याचं नाव सांगत नाही. पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी एकटीची आहे, ऑफिसला उगाच बट्टा नको. गावोगावच्या आशाताई ताप आलेल्या माणसाच्या बोटातून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेत आणि सोबत एक चिठ्ठी लिहीत: नाव, वय, गाव, ताप किती दिवसांपासून. दर सोमवारी त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे काकांकडे येत. हुद्द्याने ते साधे कारकून. पण फवारणीची गाडी कोणत्या गावी आधी जाणार आणि मच्छरदाण्या कुठे न्यायच्या, हे त्यांच्या टेबलावर ठरायचं.

गठ्ठ्याची दोरी सोडण्याआधी ते पाट्या मांडत. बुटांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या, पत्त्यांपेक्षा जरा मोठ्या, त्रेचाळीस पाट्या. प्रत्येकीवर निळ्या शाईत एका गावाचं नाव, खाली तिथल्या आशाताईचं नाव, आणि त्याखाली रस्त्याची हकिगत: 'बारमाही', 'नाल्यापलीकडे', 'श्रावणात बंद'. त्रेचाळीस गावं टेबलावर बसली की मगच दोरी सुटायची. पुसट, डाग पडलेल्या, तारीख नसलेल्या चिठ्ठ्या आधी बाजूला. उरलेली प्रत्येक चिठ्ठी आपापल्या गावाच्या पाटीवर. धान कापल्यावर शेताशेतात त्याचे पुंजणे रचतात, तसे टेबलभर कागदांचे पुंजणे उभे राहत. पुंजणं काकांच्या अंगठ्याहून उंच झालं की गाडी त्या गावाला. "पयले पुंजने लाव, मंग मोज," हे त्यांचं ब्रीद होतं आणि त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे सापडत नसे.

ताप नसला तरी चिठ्ठी आलीच पाहिजे, हा त्यांचा आणखी एक हट्ट. तिच्यावर फक्त 'निरंक' लिहायचं. ती चिठ्ठी काका पाटीवर उलटी ठेवत. सरळ कागद म्हणजे ताप आहे, उलटा कागद म्हणजे ताप नाही. राहिल्या त्या पाट्या, ज्यांच्यावर सरळही नाही आणि उलटाही नाही. त्यांना ते उघड्या पाट्या म्हणत. पुंजण्यांकडे बघण्याआधी त्या उघड्या पाट्या वेचून शर्टाच्या खिशात घालत आणि फोनला लागत. फोन लागला नाही तर लुना काढत. मी एकदा विचारलं होतं, की जिथे ताप जास्त तिथे आधी जायला नको का. तेव्हा दुपट्ट्याने तोंड पुसत म्हणाले, "जो ओरडून राहिला तो जिता आहे बेटा. जो गप आहे त्याले पयले पाहा."

सरासरीचा मात्र त्यांना मनापासून राग. एकदा जिल्ह्याच्या बैठकीसाठी आमच्या साहेबांनी हिशेब मांडला, की गावामागे तापाचे रुग्ण यंदा फार कमी, तेव्हा काळजीचं कारण नाही. साहेब बाहेरून आलेले, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे, स्वभावाने वाईट नव्हते. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि गरिबासारखं तोंड करून विचारलं, "साहेब, सरासरी नावाचा गाव आपल्या तालुक्यात कोनता? पाटी बनवतो मी."  पुढचा महिनाभर ऑफिसात कोणी उशिरा आलं की सगळे विचारायचे, कुठे गेला होतास, सरासरीला काय?

मी गोंदियाजवळच्या नागऱ्याची. देवळाच्या मागच्या बोळात आमचं घर. गोंदियात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि कंत्राटी नोकरी लागली ती घरापासून लांब, या ऑफिसात. बसस्टँडच्या मागे एक खोली घेतली. एकटी राहायची सवय नव्हती, पण अंगात खुमखुमी खूप होती. काका ज्या कामात सोमवारची अख्खी सकाळ घालवतात, तेच काम आपण अर्ध्या मिनिटात करून दाखवू, हे मी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं.

आणि करून दाखवलंही. चिठ्ठ्या कॉम्प्युटरमध्ये भरल्या. मग दोन ओळींची क्वेरी लिहिली: गावानुसार गट कर आणि प्रत्येक गटात चिठ्ठ्या किती ते सांग. ग्रुप बाय आणि काउंट, एवढंच. शेवटी एक अट जोडली, की ज्या गटात अमुकपेक्षा जास्त चिठ्ठ्या तीच गावं लाल रंगात दाखव. म्हणजे काकांचा अंगठा. कळ दाबली आणि यादी आली, मोठ्या गावापासून लहानाकडे उतरत जाणारी. साहेब खुर्चीवरून उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. खूश होऊन काकांना म्हणाले, "अब ये पत्ते का खेल बंद करो बाबूजी." आणि स्वतःच्या हाताने चिकटपट्टी काढून त्यांनी पंखा लावला.

पाट्या उडाल्या. काही टेबलाखाली, काही कपाटामागे. सगळे हसले, मीही हसले. काका गुडघ्यावर बसून एकेक गोळा करत होते आणि मोजत होते. बेचाळीस झाल्या तेव्हा थांबले, कपाटाखाली हात घालून शेवटची ओढून काढली, तिच्यावरची धूळ दुपट्ट्याने पुसली. मग सगळ्यांना रबर लावून गठ्ठा खिशात टाकला. त्यांना आवक-जावकचं काम दिलं गेलं. मी खुर्चीतून उठून एक पाटी उचलून दिली असती, तर काय बिघडलं असतं?

पुढच्या सोमवारी ते माझ्या टेबलापाशी आले आणि छापलेली यादी बोटाने वरून खाली मोजत गेले. म्हणाले, "यात छत्तीसच गाव दिसून राहिले. बाकीचे सात कुठी गेले?"

मी समजावलं. जिथे रुग्ण नाही तिथली चिठ्ठी मी भरतच नाही, कारण भरायचं काय? नाव नाही, वय नाही. निरंकच्या चिठ्ठ्या मी एका खोक्यात टाकून ठेवते. तेव्हा जे गाव यादीत नाही ते निरंक, असं समजायचं. गट करताना कॉम्प्युटर आहे त्यांचेच गट करतो, नाही त्यांचा कसा करणार? हे मी फार हुशारीने सांगितलं होतं, स्वर आठवतो मला माझा.

काकांनी यादी माझ्या टेबलावर परत ठेवली. मग म्हणाले, "निरंक लिवाले पन मानूस लागते, बेटा."

मला ते म्हाताऱ्या माणसाचं लाडिक कुरकुरणं वाटलं. त्याच्या पुढच्या सोमवारी त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच्याही पुढच्या सोमवारी विचारलं, आणि दोन्ही वेळा मी कीबोर्डवरून नजर न काढता म्हटलं, निरंक आहेत काका, सगळे निरंक आहेत.

चौथ्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा खाऊन आले, तर काका माझ्या टेबलाशेजारी फरशीवर बसलेले. माझं निरंकचं खोकं त्यांनी पालथं केलं होतं आणि पंखा बंद. सात पाट्या मांडल्या होत्या. सहा पाट्यांवर महिन्याच्या चिठ्ठ्या उलट्या रचलेल्या. सातवी उघडी. हिरडीटोला. नाल्यापलीकडे, जंगलाच्या कडेला वीस-बावीस घरं. तिथून महिनाभर एक कागद आला नव्हता, ना सरळ ना उलटा. काकांनी ती पाटी खिशात घातली, साहेबांना न विचारता लुनाला किक मारली आणि गेले. ऑगस्टचा पाऊस होता, नाला भरून वाहत होता. लुना अलीकडे ठेवून ते दोघा गुराख्यांच्या आधाराने पाण्यातून पलीकडे गेले, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

टोल्यावर अकरा घरांत ताप होता. चिठ्ठ्या लिहायची ती फुलवंता, तिथली आशाताई, सगळ्यात आधी तीच तापाने आडवी पडली होती. मग चिठ्ठी लिहिणार कोण? काकांनी टेकडीवर चढून जिथे रेंज मिळेल तिथून फोन केले, दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर गाडी गेली, औषधं गेली. फुलवंता वाचली. तिची सासू काका पोचण्याच्या दोन दिवस आधीच गेली होती.

काका परत आले ते थेट माझ्या टेबलाकडे. हिरडीटोल्याची भिजून फुगलेली पाटी त्यांनी माझ्या कीबोर्डवर ठेवली. मी रात्रीपासून उत्तरं तयार करून ठेवली होती: मला कोणी सांगितलं नव्हतं, फॉर्ममध्ये तशी सोयच नाही, साहेबांनी यादी मंजूर केली होती. त्यांनी मला त्यातलं एकही बोलू दिलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "जेवली का?" आणि मी नाही म्हटल्यावर आपला डबा माझ्यापुढे सरकवला. भाकरी होती आणि केशोरीच्या मिरचीचा ठेचा. त्यांचं गाव केशोरीच्या अलीकडेच. मी रडत खाल्लं, आणि ठेच्यामुळे रडते आहे असं दोघंही धरून चाललो.

नंतरच्या आठवड्यात ते मला हिरडीटोल्याला घेऊन गेले. फुलवंता अंगणात खाटेवर बसली होती, माझ्याच वयाची, हाडं वर आलेली. तिने चहा ठेवायला सांगितला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा होईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, आणि मग साध्या चौकशीच्या आवाजात तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरात आमचा टोला नसते का जी?"

 काका मध्येच बोलले. "पाटी माझ्या हातून पडलती, बाई. कपाटाखाली गेली. माझी चूक आहे."

मला एक वाक्य बोलायचं होतं फक्त, की पाटी यांच्या हातून पडली नाही, मी पाडली. ते बोलले नाही. परत येताना लुनाच्या मागे बसून मी ते वाक्य मनात दहा वेळा जुळवलं, आणि सडक अर्जुनीच्या फाट्यावर काकांनी चहाला लुना थांबवली तेव्हा निदान त्यांची माफी तरी मागावी म्हणून तोंड उघडलं. तर ते म्हणाले, "आता ते तुझ्या दोन ओळीत उघडी पाटी कशी दिसन ते सांग." मी बशीत चहा ओतला आणि क्वेरीबद्दल बोलायला लागले. कामाचं बोलणं नेहमीच सोपं पडतं.

पुढच्या सोमवारी आम्ही दोघांनी मिळून ती दुरुस्त केली. आधी त्रेचाळीस गावांचं वेगळं टेबल केलं, म्हणजे पाट्या मांडल्या. मग त्या गावांना चिठ्ठ्या अशा जोडल्या, की चिठ्ठी असो नसो, गाव राहिलंच पाहिजे. आमच्या भाषेत लेफ्ट जॉइन. कळ दाबली, त्रेचाळीस गावं आली, मी टाळी वाजवली. काका चष्मा कपाळावर सारून जवळून बघू लागले. मुद्दाम एका गावाची चिठ्ठी भरायची बाकी ठेवली होती, आणि त्या गावापुढे आकडा आला होता एक. "उघड्या पाटीवर हा कागद कुठून आला?" त्यांनी विचारलं. मी चिठ्ठ्या मोजायच्या ऐवजी ओळी मोजत होते. गाव ओळीत आलं की कॉम्प्युटर त्यालाच एक धरत होता. म्हणजे पहिल्या चुकीत गाव गायब आणि दुसरीत नसलेला ताप हजर. चिठ्ठीचा नंबर मोज म्हणून सांगितलं, तेव्हा शून्य आलं. निरंकच्या चिठ्ठ्याही त्या दिवसापासून वेगळी खूण करून भरायला लागले, आणि ज्या गावापुढे निरंकही नाही त्याची ओळ पिवळी करून सगळ्यात वर आणली. काका त्या पिवळ्या ओळीकडे बघून खूश झाले. पंख्याचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

वर्षभराने ते निवृत्त झाले. नारळ, शाल, दोन भाषणं. त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, "मी काई बोलत नाई, निरंक समजा," आणि खाली बसले. पाट्यांचा गठ्ठा त्यांनी मागून घेतला. ऑफिसला आता त्याचा उपयोग नव्हता. मी म्हटलं, काका, घरी काय करणार त्याचं? तर म्हणाले, म्हातारपणी पत्ते खेळतो.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन. कोण पिवळं आहे आज? मी वाचून दाखवायची, ते गावाचं नाव ऐकून माहिती पुरवायचे, तिथली आशाताई माहेरी गेली असन, त्या गावात पोळ्याला कोणी काम करत नाही. दोन-तीन मिनिटांचं बोलणं. शेवटी ठरलेला प्रश्न, जेवली का. सकाळी अकराला कोण जेवतं? पण मी हो म्हणायची.

मग मला नागपूरला खासगी कंपनीत नोकरी लागली. पेढ्यांचं खोकं घेऊन मी त्यांच्या गावी गेले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला जेवू घातलं. काकांनी पेढा खाल्ला, खोकं रिकामं झाल्यावर ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, पुठ्ठा मजबूत आहे.

नागपूरला गेल्यावर सोमवारचे फोन बंद होतील असं मला वाटलं होतं. झाले नाहीत. "कोन गाव पिवळा आहे?" ते विचारायचे. मी म्हणायची, काका, आता मला कसं कळणार, मी तिथे नाही ना. "हो, हो. मंग तू सांग, जेवली का? बरी आहे ना?" ठीक आहे काका, मीटिंगमध्ये आहे, ठेवते. असं तीन वर्षं. मला वाटायचं रिटायर माणूस, लेक बालाघाटकडे दिलेली, घरात दोघंच, वेळ जात नसेल बिचाऱ्यांचा. आपण फोन उचलतो म्हणजे त्यांच्यावर केवढा उपकार करतो, असा माझा समज होता. कधीकधी उचलायचीही नाही. मी स्वतःहून त्यांना एकदाही फोन केला नाही. हे मी आठवून नाही, फोन चाळून सांगते आहे.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी फुलवंताचा फोन आला. तिच्याकडे माझा नंबर कधीचा होता, पण तिने कधी लावला नव्हता. म्हणाली, "काका गेले जी. दोन महिने झाले. तुमाले कोनीच नाई सांगलं काय?"

दोन महिने, आणि त्याआधी चार आठवडे लकव्याने अंथरुणावर. वाचा गेलेली. म्हणजे बारा सोमवार. दिवसभर माझं काम काय, तर कंपनीच्या कुठल्या दुकानातून आज आकडे आले नाहीत ते पिवळ्या ओळीत दाखवायचं. आणि माझ्या फोनवर बारा सोमवार एक फोन आला नव्हता आणि मला तो दिसला नव्हता. आला असता तर दिसला असता. न आलेल्याची ओळ कुठेच नव्हती.

फुलवंता बोलत होती. काका मोठे भले माणूस होते, दर पावसाळ्यात टोल्यावर यायचे, सासूच्या फोटोपुढे हात जोडायचे. "एक पाटी त्यायच्या हातून पडली जी, तर मरेपर्यंत मनाले लावून घेतलं."

तेव्हा मी तिला सांगितलं. पाटी त्यांच्या हातून पडली नव्हती, ते माझं काम होतं, तुमचा टोला यादीत का नाही हे त्यांनी तीनदा विचारलं होतं आणि मी तीनदा निरंक म्हटलं होतं.  मग ती म्हणाली, "आता सांगून काय होते जी. ते तर गेले." आणि फोन ठेवला. रागाने नाही. पण त्यानंतर तिने केला नाही आणि माझी करायची हिंमत झाली नाही.

रविवारी मी काकूंकडे गेले. त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, आणि काऊन आली नाहीस असं विचारलंही नाही. त्यांना फोन लावता येत नाही, वाचता येत नाही. कुणाला कळवायचं ते शेजारच्यांनी जमेल तसं कळवलं होतं. आजारपणाचं सांगू लागल्या. उजवी बाजू गेली होती, पण सोमवार आला की डाव्या हाताने खूण करून काका पाट्यांचा गठ्ठा मागायचे. खाटेवर मांडून द्यायला लावायचे. काकू मांडायच्या, जशा जमतील तशा.

"आन त्यातली येक पाटी घ्याचे आन माझ्याकडं सरकवाचे," काकू म्हणाल्या. "दर खेपेले तेच. मले वाचता येत नाई बाई. मी म्हनलं, असन कोनता तरी गाव."

त्यांनी आतून गठ्ठा आणून माझ्या हातात दिला. रबर तुटलं होतं, सुतळीने बांधला होता. मी ओसरीवरच मांडायला बसले. त्रेचाळीस गावं मांडून झाली, हिरडीटोल्याची फुगलेली पाटीसुद्धा, आणि हातात एक उरली. तिचा पुठ्ठा बाकीच्यांसारखा नव्हता. कडेला मिठाईच्या दुकानाच्या नावाचं अर्धं अक्षर होतं. निळ्या शाईत लिहिलं होतं: 'वैशाली. नागपूर. रस्ता बारमाही. एकटी राहते.'

मी ती उलटी केली. मागे दर सोमवारची तारीख आणि तारखेपुढे बारीक अक्षरात नोंद होती. बहुतेक ठिकाणी 'निरंक'. काही ठिकाणी 'उचलला नाही', आणि त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीची तारीख टाकून पुन्हा 'निरंक'. मला आठवलं, मंगळवारीही कधीकधी फोन यायचा आणि मी वैतागायची.

काकू विचारत होत्या, कोणतं गाव आहे ते. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ नेऊन त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "मंग तुले फोन लावा म्हनत होते काय."

पाटी आता माझ्याकडे आहे. शेवटच्या नोंदीखाली बरीच जागा रिकामी आहे. तिथले बारा सोमवार मी काय करत होते, ते मला नीटसं आठवतही नाही.